वाड्यावरचा कुत्रा कोणाचा?

गोव्यात २०१३ ते २०१९ या काळात एक मोठे काम झाले आणि त्याचा आपण गोवेकरांनी म्हणावा तितका अभिमान बाळगला नाही. राज्याचे पशुसंवर्धन खाते आणि ‘मिशन रेबीज’ ही संस्था यांनी मिळून वर्षाला ९५ हजारांहून अधिक कुत्र्यांना रेबीजची लस टोचली. शाळाशाळांतून फिरून वर्षाला दीड लाख मुलांना कुत्रा चावला तर काय करायचे ते शिकवले. पथके हातात मोबाईलवरचा नकाशा घेऊन वाड्यावाड्यांतून, म्हणजे गावांतल्या वस्त्यावस्त्यांतून, गेली. लस दिलेल्या कुत्र्याच्या अंगावर रंगाची खूण करायची आणि नंतर त्याच भागात फिरून खूण असलेले किती, नसलेले किती हे मोजायचे, अशी ती पद्धत होती. शंभरातल्या सत्तर कुत्र्यांना तरी लस पोहोचली पाहिजे, हा हिशेब. अशी वर्षे गेली आणि गोव्यात रेबीजने माणसे मरणे थांबले. २०१८ आणि २०१९ मध्ये राज्यात एकही माणूस या रोगाने गेला नाही. पुढे २०२१ साली मुख्यमंत्र्यांनी तशी जाहीर घोषणाही केली.

ज्या देशात जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार दरवर्षी १८ ते २० हजार माणसे रेबीजने मरतात, जगातल्या अशा मृत्यूंपैकी एक तृतीयांशाहून जास्त जिथे होतात, त्या देशातल्या एका छोट्या राज्याने हे केले. हा रोग एकदा अंगात उघड झाला की कुठल्याही इस्पितळात त्यावर उपाय नाही. पाण्याचा पेला समोर आणला तरी घशाला आचके येतात, वाऱ्याची झुळूक सोसत नाही, आणि माणूस बराच वेळ शुद्धीवर असतो. ज्या घराने हे पाहिले आहे ते घर पुढे वर्षानुवर्षे त्यावर बोलत नाही. म्हणून २०१८ च्या त्या शून्याची किंमत फार मोठी आहे.

पण या यशाचे आकडे दोन आहेत आणि आपण त्यातला एकच वाचला. माणसांचे मृत्यू शून्यावर आले. कुत्र्यांमधला रेबीज मात्र ९२ टक्क्यांनी कमी झाला. म्हणजे तो उरला. आजही गोव्यात कुठे कुत्रा पिसाळल्याची बातमी आली की लोक चकित होतात, ‘आपले राज्य तर रेबीजमुक्त ना?’ असे विचारतात. माणसे मरत नाहीत याचा अर्थ विषाणू गेला असा होत नाही. माणूस आणि विषाणू यांच्यामध्ये लस घेतलेल्या कुत्र्यांची एक भिंत उभी आहे, एवढाच त्याचा अर्थ. ही भिंत दरवर्षी आपोआप ढासळते. लस घेतलेले कुत्रे म्हातारे होऊन किंवा गाडीखाली येऊन मरतात, लसीचा जोर कालांतराने ओसरतो, आणि दर वर्षी नवी पिल्ले जन्माला येतात ज्यांना काहीच संरक्षण नसते. आज एखाद्या गावात सत्तर टक्के कुत्र्यांना लस असेल आणि वर्षभर कोणी फिरकले नाही, तर पुढच्या वर्षी ते प्रमाण सत्तर राहत नाही. त्यामुळे हे काम एकदा करून संपवता येत नाही.

मग ते दरवर्षी करायचे कोणी? सरकारने आणि संस्थेने, असे उत्तर आपण सहज देतो. माझे म्हणणे असे की या कामाचा अर्धा तरी भार कुत्रे पाळणाऱ्या घरांनी उचलायला हवा, आणि तो आज उचलला जात नाही.

आपण चर्चा करताना कुत्र्यांचे दोनच खाने करतो: पाळीव आणि भटके. गोव्यातल्या वाड्यांवर हे दोन खाने लागू पडत नाहीत. आपल्याकडचा बहुसंख्य कुत्रा तिसऱ्याच प्रकारचा आहे. त्याला नाव असते. दुपारी त्याच्यासाठी शीत आणि माशाचे काटे बाजूला काढून ठेवलेले असतात. तो बाल्कांवात (दारापुढच्या बैठकीच्या ओट्यावर) किंवा पडवीत झोपतो, सकाळी पोदेराच्या, म्हणजे पाववाल्याच्या, सायकलमागे धावतो, वीज खात्याचा माणूस मीटर बघायला आला की त्याच्यावर भुंकतो. रात्री मात्र तो मोकळा असतो आणि गावभर इतर कुत्र्यांबरोबर हिंडतो. गळ्यात पट्टा नाही, घरात लसीचे कार्ड नाही, पंचायतीत नोंद नाही. चोर आला तर तो आपला कुत्रा. कोणाला चावला की ‘आमचा नव्हे हो, असाच येतो जेवायला’. गेली अनेक वर्षे मी हे वाक्य बार्देशात ऐकले, फोंड्यात ऐकले, काणकोणात ऐकले. सांगणारी माणसे वाईट नसतात. त्या कुत्र्यावर त्यांची खरोखर माया असते. पण मायेबरोबर जी जबाबदारी येते ती कधी कोणी त्यांच्यापुढे मांडलेलीच नसते.

रेबीजच्या दृष्टीने हाच कुत्रा सर्वांत महत्त्वाचा आहे. पूर्ण भटका कुत्रा माणसापासून अंतर राखून असतो; मूल त्याच्या तोंडात हात घालत नाही. फाटकाच्या आत कायम राहणाऱ्या विलायती कुत्र्याचा बाहेरच्या कुत्र्यांशी फारसा संबंध येत नाही आणि त्याचा मालक बहुधा पशुवैद्याकडे जातोच. वाड्यावरचा कुत्रा मात्र रात्री रस्त्यावरच्या भांडणात असतो आणि सकाळी आपल्या मुलाचा गाल चाटत असतो. दोन्ही जगांमधला पूल तोच आहे. आणि लस टोचायलाही सर्वांत सोपा तोच आहे. रस्त्यावरच्या कुत्र्याला पकडायला जाळी लागते, चार माणसे लागतात, एकदा पळालेला कुत्रा पुढच्या वेळी जाळी बघूनच गायब होतो. घरच्याच्या हाकेला येणाऱ्या कुत्र्याला मालकाने दोन्ही हातांनी धरले की काम अर्ध्या मिनिटाचे. अशा प्रत्येक घराने आपला कुत्रा दरवर्षी स्वतःहून धरून आणला, तर पथकांची सगळी ताकद खऱ्या भटक्या कुत्र्यांसाठी मोकळी होईल.

मग लोक आणत का नाहीत? ‘आमचें सुणें कोणाक चाबना’ (आमचा कुत्रा कोणाला चावत नाही) हे पहिले उत्तर असते. ते खरेही असते, कुत्रा निरोगी असेपर्यंत. रेबीज मेंदूत शिरला की स्वभाव उरत नाही, आणि तो कुत्रा सर्वांत आधी चावतो तो जवळच्या माणसाला, कारण तोच त्याच्याजवळ जातो. दुसरे उत्तर, ‘लहान असताना दिली होती एक सुई’. पिल्लाला तीन महिन्यांच्या सुमारास दिलेली पहिली मात्रा आयुष्यभर पुरत नाही. त्यानंतर डॉक्टर सांगतील तेव्हा बूस्टर आणि पुढे दर वर्षी लस, असा नियम आहे. तिसरे, ‘पिल्लू अजून लहान आहे, मोठे होऊ दे’. पण पिल्लांशीच मुले सर्वांत जास्त खेळतात, त्यांचे बारीक दात मुलांच्या हातांना रोज लागतात आणि ते ओरखडे कोणी मोजत नाही. सामूहिक मोहिमांमध्ये तर जागतिक आरोग्य संघटना लहान पिल्लांनाही वगळू नका असे सांगते. रेबीजचा संशय असलेल्या जनावरांनी चावलेल्या माणसांमध्ये १५ वर्षांखालच्या मुलांचे प्रमाण सुमारे ४० टक्के आहे, हे यासोबत लक्षात घ्यावे.

एक गोष्ट इथे थोडी विस्ताराने सांगावीशी वाटते, कारण ती अनेक कुत्रेपाळ्यांना माहीत नसते. पिसाळलेला कुत्रा म्हटले की तोंडाला फेस, लाल डोळे, दिसेल त्याच्या अंगावर धावणे असे चित्र डोळ्यांपुढे येते. रेबीजचा दुसरा प्रकार अगदी शांत असतो. कुत्रा कोपऱ्यात बसून राहतो, अंधारात शिरतो, अन्न तोंडात घेतो पण गिळू शकत नाही, खालचा जबडा लोंबतो, लाळ गळते, आवाज घोगरा होतो, मागचे पाय लटपटतात. मालकाला वाटते घशात हाड किंवा माशाचा काटा अडकला. तो काळजीने कुत्र्याचे तोंड उघडतो आणि बोट आत घालून बघतो. बोटाला साधी चीर असेल तरी लाळ तिथून आत जाऊ शकते. गायी-म्हशींच्या बाबतीतही हेच घडते. पिसाळलेला कुत्रा गोठ्यातल्या जनावराला चावून गेलेला कोणी पाहिलेला नसतो, महिन्या-दोन महिन्यांनी गाय खात नाही, लाळ गाळते, हंबरत राहते, आणि घरचा माणूस तिच्या घशात कोपरापर्यंत हात घालतो. सत्तरी, सांगे, केपे भागातल्या शेतकऱ्यांना हे कोणीतरी मुद्दाम जाऊन सांगायला हवे: गिळता न येणाऱ्या जनावराच्या तोंडात उघडा हात घालू नका, आधी पशुवैद्याला बोलवा.

आता चावण्याचा प्रसंग. माझ्या मते आपल्या समाजाचे सर्वांत मोठे अपयश इथे आहे. शेजाऱ्याचा कुत्रा शेजाऱ्याच्या मुलाला चावला की दोन्ही घरे गप्प बसतात. वर्षानुवर्षांचे संबंध असतात, एकाच देवळाचे महाजन असतात, चवथीला एकमेकांच्या घरी आरतीला जायचे असते. चावलेल्याच्या घरचे म्हणतात, कशाला बोलायचे, जरासे खरचटले आहे. कुत्र्याच्या घरचे म्हणतात, बरे झाले ते काही बोलले नाहीत. मग जखमेवर हळद लागते, कुठे चुना लागतो, कुठे तंबाखूची पूड लागते, कोणी तिखट लावायलाही सांगतो. यातली एकही वस्तू विषाणूला मारत नाही, उलट जखम चिघळवते. करायचे असते ते अगदी साधे: वाहत्या पाण्याखाली साबणाने जखम पंधरा मिनिटे धुवायची. घड्याळ बघून पंधरा मिनिटे. या विषाणूच्या भोवती चरबीचे आवरण असते आणि साबण ते फोडतो, म्हणून हा उपाय इतका परिणामकारक. त्यानंतर त्याच दिवशी जवळचे आरोग्य केंद्र. सरकारी केंद्रात लस मोफत आहे. ती दंडात देतात. पोटात चौदा इंजेक्शनांची जी भीती आपल्या आई-वडिलांच्या पिढीने आपल्याला दिली, ती मेंढीच्या मेंदूपासून बनवलेली जुनी लस भारतात वीस वर्षांपूर्वीच बंद झाली. जखम खोल असेल, रक्त आले असेल, किंवा तुटलेल्या कातडीवर लाळ लागली असेल, तर लसीबरोबर जखमेत इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे विषाणूला लगेच अडवणारी तयार प्रतिद्रव्ये, हेही टोचावे लागते, आणि ते टाळून चालत नाही, कारण लसीने शरीरात संरक्षण तयार व्हायला दिवस लागतात. ठरलेल्या तारखांना सगळ्या मात्रा पुऱ्या करायच्या. दोन सुयांनंतर ‘आता बरे वाटते’ म्हणून थांबणारे लोक मला नेहमी भेटतात आणि प्रत्येक वेळी माझ्या पोटात गोळा येतो. चावल्यापासून रोग दिसेपर्यंत साधारण एक ते तीन महिने जातात, कधी त्याहून जास्त. त्या काळात बरे वाटणारच.

या प्रसंगी कुत्र्याच्या मालकाने काय करायचे, हे तर आपण कधीच बोलत नाही. त्याने लसीचे कार्ड घेऊन स्वतः चावलेल्याच्या घरी जावे. कार्ड नसेल तर नाही असे खरे सांगावे. कुत्र्याला मारू नये, सोडूनही देऊ नये. दहा दिवस बांधून, खाऊपिऊ घालून त्याच्यावर लक्ष ठेवावे. चावताना लाळेत विषाणू असेल तर कुत्रा त्या मुदतीत आजारी पडून मरतो, आणि दहा दिवसांनी ठणठणीत असेल तर त्या चाव्यातून रेबीजचा धोका नव्हता असे डॉक्टर सांगू शकतात. पण या दहा दिवसांची वाट पाहत चावलेल्याची लस थांबवायची नाही, ती पहिल्याच दिवशी सुरू करायची. मालकाने एवढे केले तर शेजारधर्म मोडत नाही, टिकतो. चावलेल्या घराला भरपाईपेक्षा खरी माहिती जास्त हवी असते.

भटक्या कुत्र्यांचे काय, असा प्रश्न यावर येणारच. देशभर सध्या हाच वाद पेटलेला आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिल्लीतले रस्त्यावरचे कुत्रे उचलून निवाऱ्यांत ठेवण्याचा आदेश दिला आणि पंधरवड्याच्या आतच तो बदलला: निर्बीजीकरण करा, लस द्या, आणि रेबीजचे किंवा आक्रमक नसतील ते कुत्रे होते तिथे परत सोडा. गोव्यात समुद्रकिनाऱ्यावर, बाजारात, शाळेच्या वाटेवर कुत्र्यांच्या टोळ्यांची भीती वाटणाऱ्या लोकांची बाजू मला कळते. सकाळी फिरायला निघालेल्या वृद्ध माणसाला काठी घेऊन चालावे लागते, हा त्याच्यावर अन्यायच आहे. तरीही रेबीजपुरते बोलायचे तर सरसकट कुत्रे हटवण्याने तो वाढण्याचाच धोका आहे. पकडायला सोपे असतात ते माणसाळलेले, बहुधा लस मिळालेले कुत्रे. ते गेले की त्यांच्या जागेवर बाहेरून नवे येतात, ज्यांना लस नसते. भिंतीतले पक्के दगड काढून तिथे भोके पाडण्यासारखे ते होईल. आणि कुत्र्यांना खायला घालणाऱ्या प्राणीप्रेमींनाही मला तितक्याच कळकळीने सांगायचे आहे. जो रोज खायला घालतो त्याचीच ओळख त्या कुत्र्यांना असते. पथक येईल त्या दिवशी ती ओळख कामी यायला हवी. अन्न देणे आणि लसीची जबाबदारी न घेणे, हे प्रेम अपुरे आहे.

जातींचा विषयही मधूनच येतो. पिटबुल आणि रॉटवायलरवर बंदी घालणारे विधेयक २०२५ मध्ये गोवा विधानसभेत आले. हल्ल्यांपासून संरक्षण म्हणून त्याची चर्चा व्हावी, पण रेबीजचा जातीशी काही संबंध नाही. माणसाला रेबीज होतो तो ९९ टक्के वेळा कुत्र्यामुळे, आणि आपल्याकडे तो कुत्रा बहुधा साधा गावठीच असतो.

गोव्याची अशी काही खास दुखणी आहेत ज्यांचा विचार दिल्लीत बसून होणार नाही. किनाऱ्यावरच्या शॅकवाल्यांकडे (पर्यटकांसाठी उभारलेल्या हंगामी खानावळींत) हंगामात कुत्र्यांना भरपूर उष्टे मिळते, पर्यटक कुरवाळतात, पिल्ले वाढतात. पाऊस सुरू झाला की शॅक मोडले जातात आणि उपाशी कुत्रे गावात शिरतात. बार्देश, तिसवाडीतल्या कित्येक बंगल्यांचे मालक वर्षातून काही दिवसच येतात, राखणदाराने ठेवलेल्या कुत्र्याचा मालक कोण हे कोणालाच माहीत नसते. बांधकामावरचे कामगार झोपडीशेजारी कुत्रा पाळतात आणि काम संपले की तो तिथेच राहतो. शिवाय पत्रादेवी, दोडामार्ग, केरी, मोले, पोळे इथे माणसांसाठी चेकनाके आहेत. कुत्र्यांसाठी सिंधुदुर्ग, बेळगाव आणि कारवारचे रान उघडेच आहे. गोव्याने आत कितीही चांगले काम केले तरी सीमेवरच्या गावांत लसीकरण सर्वांत दाट ठेवावे लागेल, आणि शेजारच्या तालुक्यांनीही तेच करावे म्हणून आपल्या सरकारने त्यांच्यामागे लागावे लागेल. केंद्राने २०३० पर्यंत कुत्र्यांमुळे होणारा रेबीज संपवण्याचा राष्ट्रीय कृती आराखडा २०२१ मध्येच जाहीर केला आहे, त्यामुळे त्यासाठी नवे धोरण शोधायची गरज नाही.

माझी सूचना पंचायतींसाठी आहे. गोव्यात १९१ ग्रामपंचायती आहेत. प्रत्येक पंच आपल्या प्रभागातली घरे नावानिशी ओळखतो. त्याच्याइतकी माहिती कुठल्याही खात्याच्या संगणकात नाही. त्याने घरोघरच्या कुत्र्यांची यादी करावी: नाव, रंग, नर की मादी, कोणाच्या घरी जेवतो, शेवटची लस कधी. जो कुत्रा ज्या घरी जेवतो त्या घराच्या नावावर तो लिहायचा, मग गळ्यात पट्टा असो वा नसो. शॅकच्या परवान्याबरोबर त्या भागातल्या कुत्र्यांच्या लसीची अट असावी. लसीकरणाचा दिवस रविवारी ठेवावा, कारण आठवड्याच्या मधल्या दिवशी घरात कुत्रा धरणारे कोणी नसते, सगळी माणसे पणजी-वेर्ण्याला नोकरीवर असतात. घरपट्टी भरायला येणाऱ्याला लसीचे कार्ड विचारावे. सुरुवातीला दंड नको, आठवण पुरे. ज्यांना खर्च परवडत नाही त्यांना लस आणि निर्बीजीकरण फुकट मिळावे, आणि कुत्र्याला दवाखान्यात नेण्याची सोय पंचायतीच्या गाडीने व्हावी. रिक्षावाला कुत्रा घेत नाही आणि स्कूटरवर त्याला नेता येत नाही, एवढ्याशा कारणाने कितीतरी कुत्रे राहून जातात. रोज कुत्रे हाताळणाऱ्यांनी, म्हणजे पकडणारे, दवाखान्यातले मदतनीस, निवाऱ्यांतले स्वयंसेवक यांनी, स्वतः आगाऊ लस घेतलेली असावी. ती असेल तर पुढे चावा झाल्यास दोनच मात्रा लागतात आणि इम्युनोग्लोब्युलिन लागत नाही.

येत्या ग्रामसभेत रस्ते, गटारे, कचरा हे विषय होतीलच. त्यांच्यानंतर कोणीतरी उभे राहून सचिवांना विचारावे की आपल्या गावात कुत्रे किती आहेत आणि त्यातल्या किती जणांना यंदा लस मिळाली. उत्तर नसेल तर पुढच्या ग्रामसभेपर्यंत ते काढावे असा ठराव घ्यावा, आणि ठराव मांडणाऱ्याने आपल्या घरच्या कुत्र्याचे नाव यादीत सर्वांत वर लिहावे.